ड्रायव्हर पाहिजे, पण किती तासांसाठी?

मा. संपादक,
यांस स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘ड्रायव्हर पाहिजे, लोकल गाडी, पगार योग्यतेनुसार, समक्ष भेटा’ अशा चौकटी आता बारमाही झाल्या आहेत. जळगाव एमआयडीसी, भुसावळ, धुळे, शिरपूर, दोंडाईचा अशा ठिकठिकाणचे वाहतूकदार त्या देतात, आणि तेच वाहतूकदार चहाच्या टपरीवर भेटले म्हणजे ‘हल्ली ड्रायव्हर टिकत नाहीत’ अशी तक्रार करतात. मी बावीस वर्षे मालट्रक चालवतो आहे. त्यातली पहिली सात वर्षे लाईनच्या गाड्यांवर, म्हणजे रावेर-सावद्याची केळी घेऊन दिल्ली-पंजाबकडे जाण्यात गेली आणि पुढची पंधरा लोकल गाडीवर. यंदा मला मालक बदलायचा होता, म्हणून दीड महिना चार ठिकाणी बोलणी केली. चारही ठिकाणी पगाराचा आकडा पहिल्या दोन मिनिटांत कळला. पण त्या आकड्यासाठी दिवसाचे किती तास द्यायचे हे एकाही ठिकाणी आपण होऊन सांगितले गेले नाही, आणि दोन ठिकाणी तर विचारल्यावरही सांगितले गेले नाही. ड्रायव्हर का टिकत नाहीत, याचे उत्तर बहुतांशी या न सांगितलेल्या गोष्टीत आहे असे माझे मत झाले असून, ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मुळात घोळ ‘लोकल’ या शब्दापासूनच सुरू होतो. ड्रायव्हरच्या मनात लोकल म्हणजे रात्री घरी येऊन जेवणे. मालकाच्या मनात ती कुठपर्यंत पसरलेली असते, हे नोकरी धरल्यानंतर पहिल्या पंधरवड्यात कळते. एकाची लोकल मालधक्का ते एमआयडीसी एवढीच असते, दुसऱ्याची जळगाव, धुळे, नंदुरबार अशी तिन्ही जिल्ह्यांत असते, आणि यंदा ज्यांच्याशी पहिले बोलणे झाले त्या शेठांनी तर नवापूरमार्गे सुरतही लोकलमध्येच धरली होती. ‘पहाटे निघालास की झालं, आपलाच रस्ता आहे,’ असे ते म्हणाले. जळगावहून सुरत तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, तिथे माल उतरवायला नंबर लावावा लागतो आणि परतीचे भाडे मिळेपर्यंत गाडी जागची हलत नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी रात्री घर दिसले तरी नशीबच म्हणायचे. नोकरीला हो म्हणण्यापूर्वी मालकाच्या तोंडून गावांची नावे वदवून घ्यावीत, एवढे मी तरुण ड्रायव्हरांना नेहमी सांगतो. ‘आसपास’ या शब्दाने आमची फार माणसे फसवली आहेत.

मी याआधी होतो तिथे पगार खेपेवर होता. दहा-बारा गाड्यांचे ते ट्रान्सपोर्ट, आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर सिमेंटचा किंवा खताचा रेक, म्हणजे मालगाडी, लागला की तो माल गोदामांत आणि दुकानदारांकडे पोचवणे हे मुख्य काम. खेपेला ३५० रुपये आणि हजेरीला १०० रुपये भत्ता. बोलणीच्या दिवशी शेठांनी ‘महिन्याला पंचवीस हजार कुठे जात नाहीत’ असे सांगितले होते आणि ते अगदीच खोटे नव्हते. मात्र रेक कधी लागेल हे आमच्या हातात नाही आणि शेठांच्याही नाही. फोन रात्री अकराला येतो. वॅगनी मुदतीत रिकाम्या झाल्या नाहीत तर रेल्वे डेमरेज, म्हणजे उशिराचा आकार, लावते, म्हणून सगळ्या गाड्या एकदम बोलावल्या जातात, आणि सगळ्या एकदम आल्या की त्यातल्या अर्ध्याअधिक रांगेत उभ्या राहतात.

मार्चमधली एक रात्र सांगतो. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी मी धक्क्यावर गाडी लावली तेव्हा पुढे नऊ गाड्या होत्या आणि हमालांच्या टोळ्या तीन. सिमेंटची गोणी हमालाच्या पाठीवर आदळली की तिच्यातून बारीक भुकटी उडते, दिव्याच्या उजेडात ती धुक्यासारखी तरंगत राहते, आणि केबिनच्या काचा बंद करून बसले तरी सकाळी दातांखाली कचकचते. माझी गाडी भरायला लागली तेव्हा पहाटेचे चार झाले होते. ५० किलोच्या ३६० गोण्या मोजून घेण्याची जबाबदारी माझी. झोपेच्या तारेत एक थप्पी चुकली तर तेवढ्या गोण्यांचे पैसे माझ्या नावावर पडतात. साडेपाचला ताडपत्री बांधून निघालो, बांभोरीचा पूल ओलांडून पाळधीकडच्या गोदामाशी सव्वासहाला पोचलो, आणि गोदामाचे कुलूप उघडले साडेनऊला. गाडी रिकामी करून परत धक्क्यावर आलो तेव्हा दुपारचे बारा वाजायला आले होते. बारा तासांत एक खेप झाली आणि ३५० रुपये पदरात पडले. प्रत्यक्ष स्टिअरिंगवर होतो तो वेळ दोन तासांहून कमी भरेल.

आमच्या धंद्यात या खोळंब्याला ‘खोटी’ म्हणतात. लाईनच्या ड्रायव्हरला निदान किलोमीटर दाखवता येतात. लोकलवाला दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर चालवतो, म्हणून ‘काम ते काय’ असे त्याला घरचेसुद्धा ऐकवतात. कायद्याने मात्र हा प्रश्न फार पूर्वी पाहिला होता. १९६१ सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्याने पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायांना दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली, जादा तासांना दुप्पट दर ठेवला, आणि कामगार मालकाच्या दिमतीला असतो तो वेळ म्हणजे कामाचे तास, अशी व्याख्या केली. ‘दिमतीला’ या शब्दात गोदामाच्या बंद कुलपासमोर बसलेला ड्रायव्हर येतो, असे मला तरी वाटते. तो कायदा आता नव्या श्रमसंहितांत सामावला गेला आहे. पण साठ वर्षांहून अधिक काळ तो पुस्तकात असताना आपल्याकडे किती ट्रान्सपोर्टांच्या कचेरीत ड्रायव्हरांच्या तासांचे रजिस्टर होते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. मी एकही पाहिले नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी शंभर पानी वही आणून मी स्वतःच वेळा टिपायला लागलो.

त्या वहीतला मार्च महिना असा आहे. हजेरी २४ दिवस, खेपा ६१. खेपांचे २१,३५० आणि भत्त्याचे २,४०० मिळून २३,७५० रुपये झाले. त्यातून फाटलेल्या ताडपत्रीचे १,२०० आणि चार गोण्या कमी भरल्या म्हणून १,४०० रुपये कापले गेले, हातात २१,१५० आले. उचलीचा हप्ता त्यातून पुन्हा वेगळा गेला, पण तो माझ्या कर्जाचा असल्यामुळे या हिशोबात धरत नाही. गाडीजवळ घालवलेले तास ३१२ भरले. म्हणजे ताशी ६८ रुपयांच्या आत. हा भागाकार मी पहिल्यांदा केला तेव्हा दोनदा तपासून पाहिला, कारण टपरीवर मी सर्वांना ‘बावीस-तेवीस हजार पडतात’ असे मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

दुसरे बोलणे झाले ते एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गाडीसाठी. गाडी कारखान्याची, ड्रायव्हर ठेकेदाराचा, अशी तिथली व्यवस्था आहे. पगार १७,५०० रुपये. टपरीवरच्या मंडळींनी आकडा ऐकूनच नाक मुरडले. परंतु तिथे सकाळी साडेआठला गेट आणि साडेपाचला सुट्टी, महिन्याला २६ दिवस. म्हणजे २३४ तास. प्रॉव्हिडंट फंडाचे १५,००० रुपयांवर १२ टक्क्यांप्रमाणे १,८०० आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्क्याने १३२ रुपये कापून हातात १५,५६८ येतात. तासाला भागले तर साडेसहासष्ट. खेपेच्या कामात आणि यात तासामागे रुपया-सव्वा रुपयाचा फरक उरला! आणि फंडात गेलेले १,८०० रुपये माझेच आहेत, शिवाय मालकाला तेवढीच भर स्वतःच्या खिशातून घालावी लागते. ते धरले तर तासाचे जवळपास ८२ रुपये पडतात. ईएसआयसाठी मालक सव्वातीन टक्के भरतो ते वेगळेच. त्यात आजारपणाच्या रजेत ठरावीक दिवसांपर्यंत पगाराचे ७० टक्के मिळण्याची सोय आहे. मागे डेंग्यूने सतरा दिवस घरी होतो तेव्हा माझी मिळकत शून्य होती, त्यामुळे या सोयीची किंमत मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

फंडाबाबत ड्रायव्हरचे वय फार महत्त्वाचे ठरते आणि ही गोष्ट आमच्या लोकांना कुणी सांगत नाही. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के, म्हणजे १५,००० च्या पगारावर १,२५० रुपये, पेन्शन योजनेत जातात. पण पेन्शन मिळण्यासाठी दहा वर्षांची नोकरी भरावी लागते आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी हिशोब बंद होतो. मी आज सेहेचाळीस वर्षांचा आहे. आजपासून फंड नीट भरला गेला तर माझी बारा वर्षे होतील, आणि सध्याच्या सूत्राने १५,००० गुणिले १२ भागिले ७०, म्हणजे महिन्याला सुमारे २,५७१ रुपये पेन्शन बसेल. रक्कम हसण्यासारखी आहे हे मान्य. तरीही मागची बावीस वर्षे याच हिशोबात असती तर काय झाले असते, हा विचार एकदा डोक्यात आला की लवकर जात नाही. ज्याने अठ्ठेचाळिशी ओलांडली आणि ज्याच्या नावावर आधी कुठेच फंड नाही, त्याला ही दहा वर्षे पुरी करणे अवघड आहे, आणि अशा माणसाने रोख जास्त देणारा मालक निवडला तर त्याला वेड्यात काढू नये. पंचवीस-तीस वर्षांच्या मुलाने मात्र तसे करू नये.

कारखान्याच्या नोकरीत सगळे गोड आहे असे नाही. काही ठेकेदार १७,५०० चा आकडा सांगताना मालकाचा वाटाही त्यातच धरतात, आणि पहिल्या पगाराला हातात साडेतेरा हजार आले की ड्रायव्हर चक्रावून जातो. काही जण कपात करतात, पण भरणा करीत नाहीत. यावर उपाय एकच आहे. आपला यूएएन, म्हणजे फंडाच्या खात्याचा क्रमांक, पहिल्याच महिन्यात मागून घ्यावा आणि मोबाईलवर पासबुक उघडून भरणा दिसतो का ते दर महिन्याला पाहावे. मी बोलणीच्या वेळी तिथल्या एका ड्रायव्हरला त्याचे पासबुक दाखवायला सांगितले. त्याने आधी संशयाने माझ्याकडे पाहिले, मग दाखवले. मागच्या महिन्यापर्यंतच्या नोंदी होत्या. ठेकेदाराच्या कचेरीत तासभर बसून जे कळले नसते ते त्या मोबाईलच्या पडद्यावर अर्ध्या मिनिटात कळले.

तिसरे बोलणे एका गाडीच्या मालकाशी झाले. माणूस सज्जन, ओळखीतला, ‘घरच्यासारखा राहशील, आबा’ असे म्हणणारा. भाड्यातून डिझेल-टोल वजा जाता उरलेल्या रकमेत वाटा देणार होता. मी गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून पाहिला, तर विमा संपून दोन महिने झाले होते आणि फिटनेसचा दाखलाही संपत आला होता. विमा नसलेल्या गाडीने अपघात झाला तर नुकसानभरपाईचा दावा मालकाबरोबर ड्रायव्हरच्याही मागे लागतो. घरच्यासारखेपणाची किंमत एवढी मोजण्याची माझी तयारी नव्हती. चौथे ठिकाण पार्सल कंपनीच्या गाडीचे. तिथे वेळा मिनिटावर बांधलेल्या होत्या, ही गोष्ट चांगली, पण सगळी कामे रात्रपाळीची. डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, म्हणून तो विषय मी तिथेच संपवला.

खेपेच्या कामाबद्दल आणखी दोन गोष्टी सांगणे भाग आहे, कारण त्यांमुळेच मी ते सोडले. पहिली जादा वजनाची. २०१८ साली केंद्र सरकारने वजनाच्या मर्यादा वाढवल्या, दहा चाकी गाडीचे एकूण वजन २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टन झाले. तेव्हा आम्हाला वाटले की आता ओव्हरलोडची कटकट संपली. प्रत्यक्षात मर्यादा वाढली तसे भरणेही वाढले. २०१९ च्या दुरुस्तीने ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा केला. गेल्या वर्षी माझ्या गाडीत ३६० ऐवजी ४२० गोण्या भरायला लावल्या. ‘दोन फेऱ्यांचं काम एकात जातंय, जाऊ दे,’ असे फोनवर सांगितले गेले. वाटेत फिरत्या पथकाने अडवले, काट्यावर गाडी दोन टनांनी जड निघाली आणि दंड झाला २४,००० रुपये, म्हणजे माझ्या महिन्याच्या कमाईहून जास्त. शेठांनी ‘काटा बघून निघायला नको?’ असे म्हणून त्यातले निम्मे माझ्या नावावर टाकले. लेकीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी मी आधीच २०,००० रुपयांची उचल घेतलेली होती. हे १२,००० तिच्यातच मिळवण्यात आले.

उचल ही आमच्या धंद्यातली सर्वांत जुनी बेडी आहे. तिला व्याज नसते म्हणून ती गोड लागते, आणि मालक अडीअडचणीला धावून येतो हेही खरे आहे. माझ्या लेकीचा प्रवेश त्या पैशांमुळेच झाला, ते मी विसरलेलो नाही. पण उचल अंगावर असलेला ड्रायव्हर रात्री अकराच्या फोनला नाही म्हणू शकत नाही, गोण्या जास्त भरल्या तरी तोंड उघडत नाही, आणि दुसरीकडे जायचे म्हटले की नवा मालक जुन्याची उचल फेडून त्याला ‘सोडवून’ नेतो. माणूस सोडवून नेणे ही भाषा गुरांच्या बाजारातली आहे, हे बोलताना कुणाच्या ध्यानातही येत नाही. काही ठिकाणी उचलीपोटी लायसन्स मालकाच्या ड्रॉवरमध्ये राहते. ज्या ठिकाणी लायसन्स मागितले जाते तिथे पुढचे काही विचारूच नये.

दुसरी गोष्ट रस्त्याची. चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा औट्रम घाट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना बंद झाला. घाटातल्या कोंड्या आणि अपघात पाहिलेला कोणीही त्या निर्णयाला नावे ठेवणार नाही. परंतु आमच्या गाड्या तेव्हापासून नांदगावच्या बाजूने वळसा घालून जाऊ लागल्या, दिवसाचे तास वाढले, आणि खेपेचा दर मात्र घाट सुरू असतानाचाच राहिला. शेठांशी बोललो तर ते म्हणाले, ‘पार्टी मला वाढवून देत नाही, मी तुला कुठून देऊ?’

हे त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. गाडीचा हप्ता, डिझेल, टोल, टायर, विमा हे सगळे मालकाच्या डोक्यावर असते आणि भाडे ठरवणारा तिसराच, म्हणजे मालाची पार्टी, असतो. गोदामवाला गाडी पाच तास उभी ठेवतो तेव्हा ड्रायव्हरइतकीच मालकाचीही गाडी खोटी होते. मी मालकांना दोष देतो तो एवढ्यासाठी की या पाच तासांचे बिल ते पार्टीला लावत नाहीत आणि ती उणीव ड्रायव्हरच्या झोपेतून भरून काढतात. बोलणीच्या दीड महिन्यात मला बिल्टीबद्दलचा, म्हणजे मालाबरोबरच्या पावतीबद्दलचा, एक प्रश्न सापडला आणि तो मी पुढे प्रत्येक ठिकाणी विचारला: ‘तुमच्या बिल्टीवर गाडी पोचल्याची आणि रिकामी झाल्याची वेळ लिहितात का?’ जो मालक ही वेळ लिहून घेतो त्याला पार्टीकडे हॉल्टिंग, म्हणजे गाडी खोळंबल्याचे पैसे, मागता येते. ज्याला हॉल्टिंग मिळते तो ड्रायव्हरला खोटीचे पैसे देऊ शकतो. ज्याच्या बिल्टीवर फक्त तारीख आणि नग आहेत, त्याने खोटीचे पैसे देण्याचे कबूल केले तरी ते त्याला फार दिवस परवडणार नाही. कारखान्याच्या गेटवर पहारेकरी गाडीची आत-बाहेरची वेळ रजिस्टरात लिहितो, हे मी पाहिले तेव्हाच माझा निर्णय अर्धा झाला होता. ते रजिस्टर चोरी होऊ नये म्हणून ठेवलेले आहे, ड्रायव्हरसाठी नव्हे. पण वेळ लिहिली जाते, हे महत्त्वाचे.

गाडी पाहण्याबद्दल थोडेसे. मालक चहा मागवतो तेवढ्या वेळात ड्रायव्हरने बाहेर जाऊन गाडीभोवती एक फेरी मारावी. पुढचे टायर गुळगुळीत असतील, जॅक जागेवर नसेल आणि सीटखाली रिकाम्या औषधाच्या पट्ट्या असतील, तर त्या गाडीवरच्या मागच्या ड्रायव्हरची कहाणी समजून येते. आपल्याकडे भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि इंजिनाची धग पायांना लागत असते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालट्रकांना ड्रायव्हरच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. जुन्या गाड्यांना तो नियम लागू नाही, तेव्हा ज्यांच्याकडे नवी गाडी येते आहे त्यांच्याकडे हळूहळू चांगले ड्रायव्हर वळतील, हे मालकांनी आताच ओळखावे. कारखान्याची गाडी जुनीच आहे. खिडकीला ओले उपरणे लावून आणखी दोन-तीन उन्हाळे काढावे लागतील असा माझा अंदाज आहे.

आणखी एक प्रश्न बोलणीत आवर्जून विचारावा, तो अपघाताचा. जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्यायसंहितेतील अपघात करून पळून जाणाऱ्यास दहा वर्षांच्या शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध ड्रायव्हरांनी चाके थांबवली, मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघाले नाहीत आणि पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा दोन दिवस सगळ्यांना आमची आठवण झाली होती. ती तरतूद अजून लागू करण्यात आलेली नाही. तरी रात्री दोन वाजता रस्त्यावर एखादा अपघात झाला, तर पोलीस ठाण्यात कोण येणार आणि जामीन कोण देणार, हा प्रश्न राहतोच. चारपैकी दोघांनी ‘आपण आहोत ना’ असे उत्तर दिले. एकाने वकिलाचा नंबर दिला. चौथ्याने विषय बदलला.

मी शेवटी कारखान्याचे काम धरले. हातात ५,५८२ रुपये कमी येणार हे घरी कागदावर मांडून दाखवले. घरच्यांनी कागदापेक्षा साडेपाचच्या सुट्टीकडे जास्त पाहिले. उचलीचे राहिलेले १४,००० रुपये भिशी उचलून फेडले आणि जुन्या शेठांकडून ‘येणे बाकी नाही’ असे लिहून घेतले. त्यांनी ते लिहून दिले, चहाही पाजला. नव्या ठिकाणी माझा दुसरा महिना सुरू आहे. पासबुकात पहिली नोंद आली आहे, आणि मागच्या आठवड्यात दोनदा सुट्टी साडेसातला झाली त्याचे जादा तास अजून मिळालेले नाहीत. ते मागणार आहे, कारण गेटच्या रजिस्टरात वेळ आहे.

आपणाकडे दोन विनंत्या आहेत. ‘ड्रायव्हर पाहिजे’ची जाहिरात घेताना कामाचे तास, कोणकोणत्या गावांच्या फेऱ्या, आणि फंड आहे की नाही, या तीन गोष्टी जाहिरातदाराकडून विचारून छापाव्यात. चार शब्द वाढले तर त्याचे पैसे तो देईलच. दुसरे असे की कारखानदार, दालमिलवाले आणि गोदामवाले हेही आपले वाचक आहेत. दारात आलेल्या गाडीच्या बिल्टीवर पोचल्याची वेळ लिहून सही करायला त्यांच्या माणसाला अर्धे मिनिट लागते. ते त्यांनी सुरू केले, तर आमच्या मालकांना हॉल्टिंग मागण्यासाठी काहीतरी हातात येईल.

माझ्या वहीच्या मार्च महिन्याच्या पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. ती छापण्याजोगी वाटल्यास जरूर छापावी, मात्र वरच्या कोपऱ्यातला गाडीचा क्रमांक कृपया झाकावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मालट्रकचालक, ता. एरंडोल, जि. जळगाव
(नाव व पत्ता संपादकांना कळवला आहे.)